परक्या आभाळातले चाकरमानी

कोकणातून मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या माणसाला आपण चाकरमानी म्हणतो. घर एकीकडे आणि भाकरी दुसरीकडे, अशी त्याच्या आयुष्याची विभागणी झालेली असते. आगबोटीवरचा खलाशी, गिरणीतला कामगार, आखातात गेलेला सुतार अथवा गवंडी, हे सारे त्याच जातकुळीतले. या मंडळींत आणखी एक इसम बसतो, पण त्याच्या गणवेशामुळे आणि पगाराच्या आकड्यामुळे तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे परदेशी कंपनीच्या चाकरीत करारावर विमान चालवणारा वैमानिक.

वैमानिकांचा तुटवडा म्हणजे काय, याचा अनुभव आपल्या देशाने २०२५ च्या डिसेंबरात घेतला. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून नवे नियम लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, आणि रात्री विमान उतरवण्यावरही कडक मर्यादा आली. नियम चांगलेच होते. परंतु ते पाळण्याइतके वैमानिक देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीच्या वेळापत्रकात बसेनात. एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. विमानतळावर पेट्यांच्या राशी पडल्या, लग्नघरी निघालेले लोक वाटेतच अडकले, आणि शेवटी सरकारला काही नियम काही काळापुरते सैल करावे लागले. विमाने होती, प्रवासी होते, पैसा होता. कमी पडली ती पुढच्या दोन खुर्च्यांवर बसणारी माणसे.

ही माणसे घाईने तयार होत नाहीत. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळायला २०० तासांचे उड्डाण लागते. मोठ्या विमानाचा कप्तान होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्याला १५०० तास लागतात. विमान पैसे टाकून विकत आणता येते, कप्तान मात्र वर्षानुवर्षे घडवावा लागतो. म्हणून ज्या देशाला घाई असते तो दुसऱ्याच्या घरात तयार झालेला कप्तान करारावर बोलावतो. हा व्यवहार आजचा नव्हे. त्याची सर्वांत मोठी, आणि आपल्या आसामच्या भूमीशी जोडलेली, कहाणी चीनमध्ये घडली.

१९२९ साली शांघाय ते हँको असा यांग्त्से नदीवरचा हवाई मार्ग सुरू झाला. तेथे धड रस्ते नव्हते, आगगाडी थोडी, आणि नदीतून वर जायचे तर आगबोटीला दिवसचे दिवस लागत. पाण्यावर उतरू शकणारी लोनिंग जातीची लहान विमाने हे अंतर दिवसाच्या उजेडात काटू लागली. या उद्योगातून 'चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशन' ही कंपनी उभी राहिली. तिची मोठी भागीदारी चिनी सरकारची होती. उरलेला ४५ टक्के वाटा १९३३ मध्ये 'पॅन अमेरिकन' या विख्यात अमेरिकी कंपनीने घेतला. आपण तिला नुसते 'चायना नॅशनल' म्हणू. तिच्या जोडीला १९३१ मध्ये 'युरेशिया' नावाची दुसरी कंपनी जर्मन भागीदारीत निघाली. एका देशाच्या आभाळात एकीकडे अमेरिकी वैमानिक आणि दुसरीकडे जर्मन, असा देखावा त्या काळी दिसे.

हे अमेरिकी लोक चीनला का आले? अमेरिकेत १९२९ नंतर मंदीची लाट आली होती. सैन्यात विमानविद्या शिकून बाहेर पडलेल्या तरुणांना नोकऱ्या नव्हत्या. चीनमध्ये पगार बरा होता आणि उडायला मिळत होते. पण त्यांतल्या काहींची कथा निराळी होती. अमेरिकेत वाढलेल्या चिनी वंशाच्या मुलांना तेथे विमानविद्या शिकता येत असे, पण तिथल्या प्रवासी कंपन्यांत त्यांना वैमानिक म्हणून घेत नसत. बाल्टिमोरमध्ये लहानाचा मोठा झालेला मून चिन त्यांतला एक. तो १९३३ मध्ये चायना नॅशनलमध्ये आला आणि पुढे तिच्या नामांकित कप्तानांत गणला गेला. ज्याला स्वतःच्या गावात दार बंद, त्याला परमुलखात कप्तानाची खुर्ची मिळाली. चाकरमान्याच्या आयुष्यात असे पुष्कळदा घडते.

कंपनीचा कारभार पाहत होता विल्यम लँगहॉर्न बाँड नावाचा व्हर्जिनियाचा गृहस्थ. तो स्वतः वैमानिक नव्हता. १९३७ च्या उन्हाळ्यात जपानने चीनवर चढाई केली तेव्हा त्याची आणि त्याच्या वैमानिकांची खरी कसोटी लागली. अमेरिकेला युद्धात गुंतायचे नव्हते. पॅन अमेरिकनने आपली माणसे बाजूला काढली. युद्धात विमान चालवण्याची बोली करारात कोणी लिहिलेली नव्हती. तेव्हा परत जाणाऱ्यांना दोष देता येत नाही. बाँडने मात्र पॅन अमेरिकनचा राजीनामा दिला आणि कंपनी चालू ठेवण्यासाठी तो पुन्हा चीनमध्ये आला. काही वैमानिकही टिकून राहिले. पुढे राजधानी मागे हटत हटत चुंगकिंगला गेली, किनारपट्टी जपानच्या हाती पडली, आणि हाँगकाँग ते चुंगकिंग ही या कंपनीची वाट म्हणजे कोंडल्या गेलेल्या चीनची एक प्रमुख खिडकी झाली.

या वाटेवर काय वाढून ठेवले होते ते २४ ऑगस्ट १९३८ रोजी कळले. 'क्वेलिन' नावाचे डीसी-२ विमान सकाळी हाँगकाँगहून प्रवासी घेऊन निघाले. कप्तान होता ह्यू वूड्स. जपानी लढाऊ विमानांनी त्याला घेरले. वूड्सने विमान नदीच्या पाण्यावर उतरवले; तरी वरून गोळ्यांचा वर्षाव चालूच राहिला. १४ माणसे मेली. वूड्स, बिनतारी यंत्र चालवणारा चिनी गडी आणि एक प्रवासी, एवढे तिघे वाचले. शत्रूने हवेत पाडलेले हे जगातले पहिले प्रवासी विमान असे मानतात. पुढची गोष्ट अधिकच अंगावर काटा आणणारी आहे. कंपनीजवळ विमाने मोजकी. तेव्हा तेच विमान नदीतून वर काढले, दुरुस्त केले, 'चुंगकिंग' असे नवे नाव देऊन पुन्हा कामाला लावले. २९ ऑक्टोबर १९४० रोजी युनान प्रांतात ते पुन्हा जपान्यांच्या तावडीत सापडले आणि या खेपेला त्याचा कप्तान वॉल्टर केंट ठार झाला.

८ डिसेंबर १९४१ रोजी हाँगकाँगच्या काय टाक विमानतळावर बाँब पडले. कंपनीची अनेक विमाने जागच्या जागी जळाली. जी उरली ती घेऊन वैमानिकांनी पुढच्या रात्री दिवे न लावता खेपा केल्या आणि वेढ्यातून अडीचशेहून अधिक माणसे बाहेर काढली. त्यांत सन यत-सेन यांची पत्नी होती, कंपनीचे कारकून होते, यंत्र दुरुस्त करणाऱ्या कामगारांची बायकामुलेही होती. कंपनीच्या मालमत्तेतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे हे तरबेज कामगार, हे बाँडला पुरते ठाऊक होते.

त्याच काळात ब्रह्मदेशात आणखी एक कंत्राटी टोळी आली होती. 'अमेरिकन व्हॉलंटियर ग्रुप' हे तिचे नाव. लोक तिला 'फ्लाइंग टायगर्स' म्हणतात. हे लढवय्ये वैमानिक अमेरिकी सैन्यातून राजीनामे देऊन आलेले. महिना ६०० ते ७५० डॉलर पगार, आणि पाडलेल्या प्रत्येक जपानी विमानामागे ५०० डॉलर इनाम, अशी बोली होती. ४ जुलै १९४२ रोजी ही टोळी विसर्जित झाली. तिच्यातले पंधरा-सोळा जण चायना नॅशनलमध्ये सामान वाहायला आले. इनाम नाही, नाव नाही. तासांचा हिशेब मात्र चोख. ठराविक तासांचा ठराविक पगार आणि त्यावर उडेल त्या तासागणिक जादा पैसे.

आता आपण आसामात येऊ. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, एप्रिलअखेर लाशिओ पडले आणि चीनला जाणारा ब्रह्मी रस्ता बंद झाला. लाखो भारतीय निर्वासित डोंगरदऱ्यांतून पायी आसामकडे येत होते. याच धामधुमीत मून चिन चुंगकिंगहून कलकत्त्याला निघाला होता. त्याच्या विमानात एक खास पाहुणा होता: टोकियोवर नुकताच हल्ला करून आलेला जेम्स डूलिटल. वाटेत मिचिना येथे निर्वासितांची झुंबड उडालेली. २१ प्रवाशांसाठी बांधलेल्या त्या विमानात मून चिनने सत्तरहून अधिक माणसे घेतली आणि ती सुखरूप आणली. हवाई दलातला निष्णात डूलिटलसुद्धा तो भार पाहून साशंक झाला होता.

रस्ता बंद झाल्यावर उरली ती हवेतली वाट. आसामातल्या चहाच्या मळ्यांजवळच्या दिंजानहून निघायचे आणि सुमारे ५०० मैलांवरच्या कुनमिंगला उतरायचे. नोव्हेंबर १९४१ मध्येच बाँड आणि त्याचे सहकारी ही वाट पाहून आले होते. दिंजान समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनचारशे फूट. कुनमिंग सहा हजार फुटांवर. मध्ये पटकाईच्या रांगा, मग इरावती, साल्विन आणि मेकाँग या नद्यांची खोरी, आणि त्यांच्यामध्ये पंधरा हजार फुटांहून उंच उठलेली हिमशिखरे. वैमानिकांनी या पर्वतरांगेला 'हंप', म्हणजे उंटाचे मदार, असे नाव दिले. पावसाळ्यात ढगांतून शिखर दिसत नसे. हिवाळ्यात पंखांवर बर्फ चढून विमान दगडासारखे जड होई. वारा कधी ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने वाही. त्यामुळे विमान आपण समजतो तेथे नसून भलतीकडेच असे. आभाळ निरभ्र असले तर मिचिनाहून जपानी लढाऊ विमाने येत. म्हणून वैमानिकाला वाईट हवाच बरी वाटे! जाताना पेट्रोलची पिपे, दारूगोळा आणि परदेशात छापलेल्या चिनी नोटा जायच्या. येताना कथील, टंगस्टन, ब्रशांसाठी लागणारे डुकरांचे राठ केस, आणि बिहारातल्या रामगढच्या छावणीत शिकायला येणारे चिनी शिपाई. कंपनीचे ठाणे कलकत्त्याला. पाळी आली की दिंजानला जायचे, एकेका दिवसात दोन-दोन खेपा करायच्या, आणि पुन्हा कलकत्त्याला विसावा घ्यायचा.

अमेरिकी सैन्यानेही याच वाटेवर वाहतूक सुरू केली. आरंभी त्या दलाची घडी बसलेली नव्हती. विमानागणिक हिशेब केला तर थोडक्या विमानांची ही नागरी कंपनी त्याच्याहून अधिक माल नेई. याचे कारण उघड होते. तिचे कप्तान चीनच्या आभाळात दहा-दहा वर्षे मुरलेले होते. पुढे सैन्याचे बळ प्रचंड वाढले आणि युद्धसमाप्तीपर्यंत या वाटेने एकूण सुमारे साडेसहा लाख टन माल गेला. त्यात चायना नॅशनलच्या खेपा पस्तीस हजारांहून अधिक. किंमतही तशीच पडली. या एका कंपनीची चाळीसहून अधिक विमाने युद्धकाळात गेली. सैन्याची शेकड्यांनी गेली. स्वच्छ दिवशी खालच्या दऱ्यांत फुटक्या विमानांचे पत्रे चकाकत आणि वैमानिक त्या चकाकीवरून वाट ओळखत, असे सांगतात.

१७ नोव्हेंबर १९४२ ला कंपनीचे ६० क्रमांकाचे विमान कुनमिंगहून दिंजानला निघाले. आत तिघे: पूर्वी फ्लाइंग टायगर्समध्ये असलेला कप्तान, २१ वर्षांचा अमेरिकी सहवैमानिक आणि चिनी बिनतारीवाला. विमान पोचले नाही. शोध घ्यायला ना सवड, ना साधन. त्या विमानाचे अवशेष सापडले २०११ मध्ये, युनानातल्या ताली शहराजवळच्या डोंगरावर, जवळजवळ ७० वर्षांनी. घरच्यांनी वाट पाहिली ती इतकी वर्षे.

येथे या कहाणीतला सल आहे. हे लोक मेले ते कोणाचे म्हणून? सैनिक म्हणावे तर त्यांना सैन्याचा हुद्दा नव्हता. त्यांनी वाहिलेला माल युद्धाचा, त्यांच्यावर झाडलेल्या गोळ्या युद्धातल्या, पण कागदोपत्री ते एका परदेशी कंपनीचे नोकर. सैन्यातला वैमानिक त्याच वाटेवर, त्याच जातीचे विमान घेऊन पडला तर त्याच्या मागे निवृत्तिवेतन होते, पदक होते, स्मारकावर नाव होते. याचे काय? पगार जास्त घेतला ना, मग झाले, असे म्हणणारे तेव्हाही होते. शेवटी १९९३ साली, म्हणजे युद्ध संपून ४८ वर्षांनी, अमेरिकी सरकारने त्या काळातली या कंपनीच्या अमेरिकी वैमानिकांची नोकरी ही युद्धसेवा मानली आणि त्यांना माजी सैनिकांचा दर्जा दिला. तोवर पुष्कळजण म्हातारे होऊन गेले होते. तारुण्यात गेले त्यांची तर गोष्टच सोडा. करारात पगार लिहिता येतो, जादा तासांचा दर लिहिता येतो. पण माणूस कामी आला तर त्याची आठवण कोणी ठेवायची, ते कलम सहसा कोणी घालत नाही.

आणि दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाचे काय झाले? कप्तान बहुधा अमेरिकी असला तरी शेजारी पुष्कळदा चिनी सहवैमानिक असे, आणि मागे चिनी बिनतारीवाला. वर्षानुवर्षे त्यांनी पाहिले, शिकले, हात बसवला. बर्फ कधी झटकावे, ढगात किती थांबावे, कोणती दरी फसवी आहे, हे शाळेत शिकवून येत नाही. ते शेजारी बसूनच येते. युद्धानंतर चीनमध्ये यादवी माजली. १९४९ च्या ऑक्टोबरात बीजिंगला नवे राज्य स्थापन झाले तेव्हा चायना नॅशनल आणि तिच्यासारखीच दुसरी एक कंपनी यांची विमाने हाँगकाँगला येऊन थांबली होती. ९ नोव्हेंबर १९४९ रोजी सकाळी त्यांतली १२ विमाने काय टाकवरून उठली आणि उत्तरेकडे गेली. अकरा तिएनत्सिनला उतरली; बारावे कप्तान पान क्वो-तिंग याने थेट बीजिंगला नेले. या वेळी विमाने हाकणारे चिनी होते. राजकारण कोणाला पटो न पटो, एक गोष्ट खरी: नव्या चीनच्या नागरी विमानसेवेला सुरुवातीची विमाने आणि माणसे मिळाली ती या तालमीतून. परक्या कप्तानाची खरी कमाई त्याच्या पगाराच्या पाकिटात नव्हती. ती शेजारच्या खुर्चीवर बसली होती.

आपल्या देशाचा या कथेशी आणखी एक धागा आहे. युद्ध संपल्यावर पूर्व भारतात पडून राहिलेली डाकोटा विमाने स्वस्तात विकली गेली. त्यांच्या बळावर १९४६ नंतर भारतात अनेक विमानकंपन्या निघाल्या, आणि २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरवायची वेळ आली तेव्हा हवाई दलाच्या बरोबरीने या नागरी कंपन्यांच्या डाकोटा आणि त्यांचे पगारी वैमानिकही धावले. पुढे १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, आणि कंपन्यांचा बाजार काही दशके थंडावला.

मग २००३ मध्ये स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या. विमाने भराभर आली, कप्तान कोठून आणायचे? चिनी कंपनीने जे केले तेच आपण केले. शेकडो परदेशी कप्तान करारावर आले. त्यांच्यासाठी तात्पुरत्या परवानगीची वेगळी पद्धत होती. एक कंपनी दुसरीचे वैमानिक पळवू लागली. १ वर्षाची आगाऊ सूचना दिल्याखेरीज कप्तानाने नोकरी सोडू नये असा नियम २०१७ मध्ये झाला, तो या ओढाताणीतूनच. उलट बाजूही आहे. एप्रिल २०१९ मध्ये आपली एक जुनी, मोठी कंपनी बंद पडली आणि तिचे वैमानिक रातोरात निराधार झाले. त्यांतले कित्येक आखाती देशांच्या कंपन्यांत गेले. खुद्द चीननेही या शतकात पुन्हा परदेशी कप्तान बोलावले आणि काहींना वर्षाला तीन लाख डॉलरांपर्यंत पगार देऊ केला. २०२० मध्ये साथ आली तेव्हा सर्वांत आधी गदा आली ती याच करारांवर. गरज होती तोवर पायघड्या, गरज सरताच घरचा रस्ता. यात नवल नाही. करार म्हणतात तो यालाच.

म्हणून परदेशी जाणाऱ्याला कोणी देशद्रोही म्हणू नये आणि बाहेरून येणाऱ्याला भाडोत्रीही म्हणू नये. तुटवड्याच्या काळात त्यांनीच विमाने हवेत ठेवली आहेत. जाणाऱ्याच्या घरच्यांनी मात्र करार नीट वाचावा: आजार, अपघात, कंपनी बुडणे, यांबद्दल त्यात काय लिहिले आहे ते पाहावे. आणि बोलावणाऱ्या देशाने शेजारची खुर्ची रिकामी ठेवू नये. आज गोंदियाला, बारामतीला मुले-मुली उड्डाणाचे तास मोजत आहेत. त्यांना तास मिळतील, परवानाही मिळेल. पण कोणा जुन्या कप्तानाच्या शेजारी चार पावसाळे काढायला मिळाले तरच ती कप्तान होतील.

दिवाळीच्या रात्री आपण आकाशकंदील लावतो. त्याच्याही वरून एखादे विमान लुकलुकत जाते आणि घरातले मूल बोट दाखवते. त्या विमानात पुढे बसलेल्या दोघांपैकी एखाद्याचे घर दुसऱ्याच देशात असेल आणि तेथे त्याच्यावाचून ताटे मांडली जात असतील. आपल्या मराठी घरांतलेही काहीजण या घटकेला अशाच कोणा परक्या गावाच्या आभाळातून जात असतील. फराळाचा डबा त्यांना पोचेल तेव्हा पोचो; आठवण आजच काढावी.